डॅन्यूबकाठची उलटी गाठ

इथले भुताखेतांचे अनुभव मी चार वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेकदा हसण्यासाठी. माझी नोकरी इन्शुरन्स कंपनीत, क्लेम्स तपासायची. समोरचा सांगतो ते खरं धरायचं नाही, ह्याचाच मला पगार मिळतो. त्यात आमचं बौद्ध घर. वडील यवतमाळकडून नाहूरला आले. ते म्हणायचे, आपल्याकडे देवच नाही तर भूत कुठून येणार! तेव्हा पुढचं वाचून कुणी मला वेड्यात काढलं तर माझी तक्रार नाही. मीही तेच केलं असतं.

मुलुंडच्या कॉलेजपासून आम्ही तिघी मैत्रिणी – मी, वैशाली आणि रुपाली. वैशाली दोन वर्षं बुडापेस्टला नोकरी करते. तिच्याकडे आठ दिवस राहायचं आणि शनिवार-रविवारी, म्हणजे तिच्या सुट्टीत, तिघींनी मिळून शहर बघायचं असं ठरलं. गेल्या ऑक्टोबरची गोष्ट.

रुपालीचं मात्र शेवटपर्यंत नक्की नव्हतं. ती मालाडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिच्या बाबांनी जन्मभर मासेमारी केली. सहा वर्षांपूर्वी समुद्र सोडला, आणि दोन वर्षांपासून त्यांना विस्मरणाचा आजार. नजर चुकली की घराबाहेर. एकदा थेट दिंडोशीच्या कोर्टापाशी सापडले होते. तेव्हापासून पुढच्या दाराला दोन कुलपं. त्यांचं सगळं रुपालीच बघते. भाऊ संतोष म्हणाला, "जा गो तू, आठ दिवस आमी बगतो." तरी विमानात बसेपर्यंत ती मला विचारत होती, "मी जातेय ते बरोबर ना?" मी म्हटलं, "अगं, आठ दिवसांत काय होतंय!" ...हे वाक्य माझंच.

शनिवारी सकाळी किल्ला वगैरे झाला. वैशाली गाइडच्या थाटात माहिती सांगत होती, त्यातली निम्मी तिने तिथल्या तिथे बनवलेली असावी. बाराच्या सुमारास ट्राममधून डॅन्यूब नदीच्या काठी उतरलो आणि संतोषचा फोन आला. मुंबईत तेव्हा दुपारचे साडेतीन.

"रुपा, बाबा नाय गो घरात."

वहिनीने गॅस सिलिंडरवाल्यासाठी कुलपं काढली होती. सिलिंडर आत घेईपर्यंत दार उघडं. तेवढ्यात सटकले असणार. दीड तास झाला होता. वाड्यातली माणसं स्टेशन, मार्केट, हायवे सगळीकडे फिरत होती. पोलिसांतही कळवलं होतं.

रुपाली रडली नाही. नुसती चालत राहिली. वैशाली फोनवर परतीचं तिकीट शोधायला लागली. तिथे पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या उतरतात. आम्ही वरच्या पायरीवर बसलो. पाच मिनिटं गेली असतील. रुपाली एकदम उठली आणि भराभर खाली उतरली.

अगदी शेवटच्या पायरीशी, दगडात बसवलेल्या लोखंडी कडीला एक दोर बांधलेला होता. निळा नायलॉनचा, आपल्याकडे होड्यांना असतो तसला. दुसरं टोक पाण्यात. समोर होडी नाही, काही नाही. पण दोर ताठ होता आणि मधूनमधून हिसके बसत होते.

"ही बाबांची गाठ आहे," रुपाली म्हणाली.

तिच्या बाबांची उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच इंजिनात गेलेली. त्यामुळे ते डाव्या हाताने गाठ मारतात, तिचा पीळ उलटा पडतो आणि उरलेलं टोक ते मागून खोचतात. अख्ख्या कोळीवाड्यात तशी गाठ त्यांची एकट्याची, असं ती म्हणते. मी वरून म्हटलं, "रुपा, दोर आहे गं तो. कुणीही बांधेल." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. एका हाताने दोर धरला आणि दुसऱ्या हाताने संतोषला फोन लावला.

"मागच्या दाराला कडी होती काय?"

त्यांच्या घराचं मागचं दार खाडीवर उघडतं. पिढ्यान् पिढ्या ते उघडंच. रस्त्यावर माणूस हरवतो म्हणून पुढे दोन कुलपं, पण खाडीकडच्या बाजूला कुणी बाहेर समजतच नाही... ते घरच. संतोष वैतागला, "सहा वरसांत बाबांनी होडीत पाय नाय ठेवला, कय बोलतंस तू!"

"मागं बांधलेली लहान होडी हाय का बघ. जा!"

फोन सुरूच होता. संतोष धावल्याचं ऐकू आलं. मग, "होडी नाय गो... मला वाटला शेजारच्यांनी नेली." आणि ओहोटी लागलेली होती.

त्यानंतरचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. तिकडे संतोष इंजिनाची बोट घेऊन खाडीच्या तोंडाकडे निघाला. इकडे रुपाली गुडघाभर पाण्यात उभी राहून दोन्ही हातांनी दोर धरून. वैशाली तिचं जॅकेट मागून पकडून शेवटच्या पायरीवर. मी वरच, तिघींच्या बॅगा सांभाळत. वैशालीने दोनदा हाक मारली, "खाली ये ना यार, ही घसरतेय!" मी म्हटलं, "बॅगा कोण बघणार?" रुपाली एकदा बोटं चाटून म्हणाली, "पाणी खारं आहे." डॅन्यूब ही गोड्या पाण्याची नदी. मी चव घेतली नाही, त्यामुळे ह्याला साक्षीदार एकच.

मग दोर एकाएकी ढिला पडला. रुपालीने ओढला तर जेमतेम दोन हात निघाला, टोक मोकळं. ती मटकन पायरीवर बसली. मला वाटलं, संपलं.

तीन-चार मिनिटांनी फोन वाजला. बाबा सापडले होते. होडी निम्मी पाण्याने भरलेली, ते काठ धरून बसलेले. आणखी थोडा वेळ गेला असता तर होडी उलटली असती, असं संतोष म्हणाला. तेव्हा कुठे रुपाली रडली आणि आम्हीही रडलो. उठताना तिने गाठ सोडली आणि दोर पाण्यात जाऊ दिला. त्या दिवशीचे माझ्या फोनमध्ये जेवणाच्या प्लेट्सचेसुद्धा फोटो आहेत. दोराचा एकही नाही.

मी खूप विचार केलाय. दोर तिथल्याच कुणाचा असेल, हिसके प्रवाहाचे असतील. मागच्या दाराची शंका रुपालीच्या मनात आधीच असेल, दोर बघून वर आली. इथपर्यंत मी स्वतःला पटवलंही होतं.

परत आल्यावर मी त्यांच्या घरी गेले. बाबा मागच्या दारात खुर्चीवर बसले होते, दाराला आता जाळी. रुपालीने चहा दिला तर तिलाच विचारलं, "बाय, तू कोनाची?" ती रुमालाने त्यांचं तोंड पुसत राहिली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"तू वर उबी व्हतीस ना गो?" म्हणाले. "हात का नाय दिलास?"

रुपालीच्या हातातला रुमाल थांबला. पायऱ्यांचं घरात तिने कुणालाही सांगितलेलं नाही, हे तिने मला नंतर दोनदा सांगितलं.

बाबा आहेत, बरे आहेत. मला पुन्हा भेटले तेव्हा ओळखलं नाही. तो दोर तिथे कसा आला, त्यांनी मला कुठून पाहिलं – ह्यातल्या कशाचंच उत्तर माझ्याकडे नाही. फक्त त्यांनी जे विचारलं त्याचं आहे. बॅगा तर मी खांद्याला अडकवूनही उतरू शकले असते. पण पायऱ्यांवर शेवाळ होतं आणि माझे बूट नवे होते.