इंगळे सिस्टरची साखळी

इंगळे सिस्टरची आणि माझी पहिली भेट केळ्यांवरून झाली. भोकरदनला आमच्या शाळेच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर होतं आणि शाळेच्या वतीनं मदतीला मी होतो. रक्त दिलेल्या माणसाच्या हातात बिस्किटांचा एक पुडा टेकवत होते. माणसं शेतातून, दुकानातून उठून आलेली. नुसत्या बिस्किटानं त्यांचं काय होणार, असं मला वाटलं. म्हणून मी बाजारातून सहा डझन केळी आणली आणि टेबलावर मांडायला लागलो. तेवढ्यात पांढऱ्या सुती साडीतल्या एक ठेंगण्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. नमस्कार नाही, ओळख नाही.

"कोणाला इचारलं?"

"म्हणजे?"

"केळं आणायच्या आधी कोणाला इचारलं?"

चांगल्या कामाला कोणाला काय विचारायचं, असं मी म्हणालो. बाईंनी हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे स्टुलावर चढून बबन बॅनर बांधत होता. बबनचं बसस्टँडजवळ पंक्चरचं दुकान आहे. आठवीपर्यंत तो माझाच विद्यार्थी होता, पुढं शाळा सोडली. "आजचा गटप्रमुख त्यो हाय. त्याला इचारा," बाई म्हणाल्या. मी तणतणत गेलो आणि बबनला विचारलं. बबन खाली उतरला, हात पुसले, हॉल ओलांडून माझ्या केळ्यांशेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे गेला आणि म्हणाला, "सिस्टर, सर केळं वाटू म्हणून राह्यले." "वाटू द्या," सिस्टर म्हणाल्या. मी त्याच्या मागोमाग येऊन तीन हातांवर उभा होतो. बबन माझ्याकडे वळला आणि मोठ्या गंभीरपणे म्हणाला, "सर, वाटा म्हणतेत."

या बाईंचं डोकं ठिकाणावर नाही, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या रक्तदात्यांच्या मंडळात स्वयंसेवक झालो. का झालो, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. उभी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली. नवरा लवकर वारला, मुलगी लग्न करून दूर गेली, आणि मग या बाईंनी मंडळ काढलं. मंडळ म्हणजे ना कार्यालय, ना पावतीपुस्तक. एक जुना मोबाइल, एक शंभर पानी वही आणि एक साखळी. दवाखान्याचा फोन सिस्टरला यायचा. सिस्टर दोन गटप्रमुखांपैकी एकाला सांगायच्या, तो आपल्या स्वयंसेवकाला, स्वयंसेवक आपल्या रक्तदात्याला. निरोप जसा खाली जायचा तसाच पायरी पायरीनं वर यायचा. मधली एकही पायरी गाळायची नाही. प्रत्येक स्वयंसेवकाकडे फक्त चार रक्तदाते.

"चारच का?" मी एकदा विचारलं.

"चार माणसं बराबर ध्यानात राहत्यात, सर. कोणाला ताप हाय, कोण उपाशी हाय, कोण सोयऱ्याच्या लग्नाला गेल्तं. पाचवा आला का पहिला इसरतो."

व्हॉट्सॲपचा ग्रुप करू म्हटलं तर त्यांनी हात झटकले. "ग्रुपवर टाकलं का येक तर सगळेच पळतेत, न्हाईतर कोणीच पळत न्हाई."

माझा गटप्रमुख कोण, तर बबन. बावीस वर्षं गणित शिकवलेला माणूस मी, आणि माझ्या हाताखाली सातचा पाढा अडखळत म्हटलेल्या पोराला मी कुठे जातो, कधी येतो हे कळवायचं! नाही कळवलं तर सिस्टर भर बाजारात गाठायच्या. "सर, परवा पुण्याला गेल्ते म्हणं. बबनला तर काईच ठाऊक न्हाई." भाजीवाल्या माझ्याकडे बघायच्या. बुद्धपौर्णिमेला सिस्टरच्या घरी खीर असायची. त्यांचं घर माझ्या घरापासून चार घरांवर, पण खिरीचं आमंत्रण बबनमार्फत यायचं. मी दर वर्षी ठरवायचो की जायचं नाही, आणि दर वर्षी दोन वाट्या खाऊन यायचो.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण एका सोमवारी आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाच्या भावाला अपघात झाला. त्याला संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात नेलं होतं आणि रक्त हवं होतं ओ निगेटिव्ह. हा गट फार थोड्यांचा असतो. आमच्या अख्ख्या मंडळात त्या रक्ताची तीन माणसं होती. त्यातला एक माझ्या चौघांतला, राजूरचा गजानन. देवळाजवळ त्याचं नारळ-पेढ्यांचं दुकान आहे. बाकीचे दोघे दुसऱ्या स्वयंसेवकांकडचे.

मी बबनला फोन केला. त्यानं उचलला नाही. सिस्टरला लावला, तो सारखा व्यस्त. समोर तो शिक्षक रडकुंडीला आलेला. माझं डोकं फिरलं. शिबिराच्या यादीतून मी तिघांचेही नंबर काढले आणि तिघांनाही थेट फोन केले. दोघांकडे गाडी होती, ते लगोलग निघाले. गजाननला म्हटलं, दोघं निघालेत, तूही भोकरदनच्या स्टँडवर ये, मी तुला घेऊन जातो.

मी स्टँडवर पोचलो तेव्हा गजानन बबनच्या दुकानासमोर उभा होता आणि बबननं त्याला अडवून धरलं होतं.

"सर, दोघं गेले म्हणतोय हा. मंग तिसरा कशाला?"

"अरे, माणूस मरायला टेकलाय तिकडे."

"मी टायरात व्हतो सर, फोन ऐकूच आला न्हाई. चुकलंच माझं. पण सिस्टरला इचारल्याबिगर ह्याला न्हाई जाऊ देणार."

त्यानं आमच्यासमोरच सिस्टरला फोन लावला. आता तो लागला. पलीकडून एवढंच आलं, "गजाननला थांबव." संभाजीनगरची बस सुटत होती. मग मी जे बोललो ते लिहिताना आज माझा हात अडतो. पण लिहितो. मी चार माणसांत म्हणालो, "पंक्चर काढायची अक्कल तेवढी आहे तुला. माणसाच्या जिवाच्या गोष्टीत पडू नकोस." गजानन मान खाली घालून राजूरच्या बसकडे गेला.

तो अपघाताचा रुग्ण वाचला. दोघांनी रक्त दिलं होतं, पण लागली एकच पिशवी. दुसरी त्या रक्तपेढीनं दुसऱ्या कोणाला तरी दिली. मी मात्र गावभर सांगत सुटलो की सिस्टरच्या साखळीच्या नादी लागलो असतो तर माणूस गेला असता. मंडळाच्या बैठकीलाही गेलो नाही. सिस्टरनी एका शब्दानं विचारलं नाही. त्याचाही मला रागच आला.

दहा दिवसांनी शाळेत माझा तास चालू असताना फोन वाजला. बबन होता.

"सर, तुमच्याकडचा गजानन लागतो. जालन्याला. बाळंतीण हाय, रक्त थांबून न्हाई राह्यलं. पेढीत ओ निगेटिव्ह बिलकुल न्हाई."

"बाकीचे दोघे?" मी विचारलं आणि विचारता विचारताच उत्तर मला कळलं. एकदा रक्त दिलं की तीन महिने देता येत नाही. त्या दोघांना दहाच दिवस झाले होते. दोघांनाही मीच पाठवलं होतं. तिसरा उरला होता, कारण बबननं त्याला स्टँडवर अडवलं होतं. माझं चाललं असतं तर या बाईसाठी आमच्याकडे कोणीही उरलं नसतं.

बबनकडे गजाननचा नंबर होता. तो थेट फोन करू शकला असता, आणि मी त्याला जे बोललो होतो त्यानंतर त्यानं तसं केलं असतं तर मला बोलायला तोंड नव्हतं. पण गजानन माझ्या चौघांतला, म्हणून त्यानं मलाच विचारलं. मी गजाननला लावला. मला ठाऊक होतं की तो आदल्या आठवड्यात सर्दीनं पडला होता, पण विचारलं तर आता बरा होता आणि सकाळी जेवून दुकानात बसला होता. दुकान बायकोवर सोपवून तो निघाला. राजूरहून जालना जवळ, तासाभरात तो पेढीत होता. नंतरचे चार-पाच तास मी कसे काढले ते विचारू नका. फळ्यावर गणित मांडत होतो आणि वजाबाकी चुकत होती. दुपारनंतर बबनचा फोन आला, "सर, रक्त चढलं. बाई हाय. पोरगी बी हाय."

शाळा सुटल्याबरोबर मी सिस्टरच्या घरी गेलो. त्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, "सिस्टर, माझं चुकलं. मला माफ करा."

त्यांनी मान वर केली नाही. "बबनला सांगितलं?"

"काय?"

"हे जे मला सांगून राह्यले, ते आधी बबनला सांगितलं का?"

मी इतका चिडलो की काही विचारू नका. माणूस ओशाळून दारात उभा आहे, डोळे भरून आलेत, आणि ही बाई त्याला गटप्रमुखाकडे पाठवते! मी पाय आपटत निघालो. पण निघालो ते बबनच्याच दुकानाकडे, आणि स्टँडपर्यंत चालता चालता मला कळत गेलं की माफी जिथं मागायला हवी होती ती जागा चुकवूनच मी सिस्टरकडे गेलो होतो. त्यांच्यापुढे मान तुकवणं मला सोपं होतं. ज्याला चार माणसांत बोललो, त्याच्यापुढे जाणं जड होतं.

बबन ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. गिऱ्हाईकं उभी होती. त्या गिऱ्हाइकांसमोरच मी म्हणालो, "बबनराव, त्या दिवशी मी वाईट बोललो. तू होतास म्हणून ती बाई वाचली." त्याचा हात पाण्यातच राहिला. तो म्हणाला, "बसा सर. च्या सांगतो." मग चहा येईपर्यंत थांबून, अगदी नियमाप्रमाणे, "सिस्टरला कळवतो मंग."

दुसऱ्या दिवशी बबनमार्फत सिस्टरचा निरोप आला. माफ केलं वगैरे काही नाही. निरोप असा होता की सर सहा महिने यादीला हात लावणार नाहीत. मी बबनला म्हणालो, "ठीक आहे म्हणावं." तोही निरोप वर गेला.

पुढची काही वर्षं साखळी तशीच चालली आणि मीही तितकाच वैतागत राहिलो. खोटं कशाला बोलू? केळी आणायला परवानगी काढणं मला शेवटपर्यंत मूर्खपणाचं वाटलं, आजही वाटतं. मी तसं सिस्टरला तोंडावर सांगायचो आणि त्या म्हणायच्या, "वाटू द्या. तुम्ही इचारा म्हंजे झालं."

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी सिस्टर गेल्या. सकाळी झोपेतून उठल्याच नाहीत. आठ वाजता बबन माझ्या दारात आला. दुकान बंद करून, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. चार घरांवरची गोष्ट, गल्लीतली गर्दी मला खिडकीतून दिसत होती, सगळं कळलं होतं. तरी तो उंबऱ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, सिस्टर गेल्या. तुमच्या चौघांला सांगायचं तुमच्याकडं हाय."

मला त्या बाईचा मेल्यावरसुद्धा राग आला. घटकाभर बसून रडावं म्हटलं तर तीही सोय त्यांनी ठेवली नव्हती. चौघांना फोन करता आला असता, पण ही बातमी फोनवर सांगवेना. मी स्कूटर काढली. पहिल्या तिघांची घरं भोकरदनातच. तिघांनाही मी नीट सांगितलं, अंत्ययात्रेची वेळ सांगितली, आवाज कुठे हलू दिला नाही. मग राजूरला गेलो.

गजाननचं दुकान उघडं नव्हतं. फळ्या लावलेल्या, आणि पायरीवर तो पांढरे कपडे घालून, पायात चपला घालून बसला होता. मला बघून उभा राहिला. मी गाडी लावली, त्याच्यासमोर गेलो आणि मला बोलताच येईना. शेवटी मी रस्त्यातच, देवळाला निघालेल्या माणसांसमोर, लहान पोरासारखा रडायला लागलो.

त्यानं माझा हात धरून मला पायरीवर बसवलं. पाणी दिलं. मग हळूच म्हणाला, "सकाळीच कळालं व्हतं, सर. पण तुम्ही सांगायला येणार व्हते ना, म्हणून थांबलो व्हतो."