जोडीदाराची बढती

नोकरीत असंख्य चोऱ्या तपासल्या, पण डभोई रोडवरच्या त्या कारखान्यातली चोरी अजून मनातून जात नाही. उदारीकरणानंतर बडोद्याभोवती नवे कारखाने उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट.

सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "पितळी व्हॉल्व्ह चोरीला जातात ना? त्या फिटरची पिशवी बघा. जेल भोगून आलेला माणूस आहे."

पाळी सुटताना आम्ही पिशवी तपासली. व्हॉल्व्ह सापडले. पंचनामा करून फिटरला ठाण्यात आणले. तरुणपणी मारामारीत त्याला शिक्षा झाली होती. दोनच दिवसांत तो फोरमन होणार होता.

"चोरी केलीस?"

"नाही साहेब. पण आता माझी जुनी सजाच बोलणार. माझं कोण ऐकणार?"

मॅनेजरला विचारले. शिक्षेची माहिती घेऊनच त्याने फिटरला कामावर ठेवले होते. कारखान्यात मात्र कुणाला सांगितले नव्हते. मग फोन करणाऱ्याला ते कसे कळले?

मी फिटरला विचारले, "तू कुणाला सांगितलं होतंस?"

"एकालाच. आम्ही एका डब्यात जेवतो."

तो जोडीदार जुना फिटर, आपला मराठीच. जबाबात मी चोरीबद्दल विचारावे आणि त्याने बढतीवर यावे, असे चालले होते. शेवटी मी म्हणालो, "मॅनेजर सोडला तर त्याच्या शिक्षेचं फक्त तुला ठाऊक होतं."

तो फुटला. "काम मी शिकवलं त्याला! मी जन्मात कुणाला चापट मारली नाही, अन् फोरमन कोण? जेलवाला!" व्हॉल्व्ह त्यानेच चोरून पिशवीत टाकले होते.

फिटर सुटला, पण बढती गेली. मॅनेजर म्हणाला, "साहेब, आधी मला एकट्याला माहीत होतं. आता सगळ्यांना कळलं. त्याच्या हाताखाली कोण काम करेल?" मी पुष्कळ वाद घातला. उपयोग झाला नाही. फिटरने नोकरी सोडली आणि बडोद्यातच हरणीकडे स्वतःचे छोटे वर्कशॉप काढले.

जोडीदाराला शिक्षा झाली. ती भोगून तो माझ्याकडे शिफारस मागायला आला. "रेकॉर्ड बघून कुणी उभं करत नाही, साहेब."

"हरणीला जा. तो तुझं रेकॉर्ड विचारणार नाही."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "त्याचं वर्कशॉप बरं चाललंय म्हणे?"

"चाललंय."

"मग नकोच," म्हणून तो उठला.

कायद्याने दिलेली शिक्षा कधीतरी संपते. लोकांनी दिलेली लांबते, हे मला फिटरने शिकवले. आणि मत्सराची शिक्षा माणूस स्वतःच वाढवून घेतो, हे त्याच्या जोडीदाराने.