क्वार्टरबॅकची कंबर

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला राहायला आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉल हा खेळ मला आमच्या ऑफिसातल्या मीटिंगसारखा वाटायचा. जरासं पळायचं, मग सगळ्यांनी घोळका करून बराच वेळ चर्चा करायची, आणि शेवटी होतो तिथेच. त्यामुळे दहावीतल्या मुलीने शाळेच्या फुटबॉल टीममध्ये नाव दिल्याचं सांगितलं, तेव्हा मी फक्त "हेल्मेट केवढ्याला पडेल?" असं विचारलं.

"बाबा, इट्स फ्लॅग फुटबॉल," ती म्हणाली. या प्रकारात धडका मारत नाहीत. प्रत्येकीच्या कमरेच्या पट्ट्याला दोन फडकी लटकलेली असतात. बॉल जिच्या हातात आहे तिचं फडकं ओढलं, की खेळ तिथेच थांबतो. आमची मुलगी क्वार्टरबॅक होती. म्हणजे बॉल आधी जिच्या हातात येतो आणि कुणाकडे फेकायचा हे जी ठरवते, ती. पण ती दुसऱ्या नंबरची. पहिल्या नंबरवर बारावीतली एक उंच मुलगी होती. तिने फेकलेला बॉल इस्त्री केल्यासारखा सरळ जायचा. आमच्या मुलीचा बॉल हवा सुटलेल्या फुग्यासारखा वळवळत कुठेतरी जाऊन पडायचा.

ऐन हिवाळ्यात त्या उंच मुलीच्या वडिलांची टेक्सासला बदली झाली. कोच म्हणजे शाळेतल्या पीटीच्या बाई. बुटक्या, आणि शिट्टी कायम गळ्यात. मला एकदा ग्रोसरीत भेटल्या तेव्हाही होती. त्यांनी मुलीला बोलावून सांगितलं, "एप्रिलपासून तू स्टार्टर, पहिल्या नंबरवर. हात चांगला आहे तुझा. पण पाय आणि कंबर झोपलेली आहेत. फेकायचं काम सगळ्या अंगाचं असतं."

हे मुलीने जेवताना सांगितलं आणि माझ्यातला इंजिनियर जागा झाला. गाडीची सीट मागेपुढे होते ना, त्यातले सांधे मी डिझाइन करतो. कंबर, खांदा, कोपर म्हणजे शेवटी सांधेच. मी दोन्ही गाड्या बर्फात काढल्या, गॅरेज मोकळं केलं आणि तिचं फेकणं फोनवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. मग त्या व्हिडिओवर लाल रेघा मारून कोन काढले आणि समजावू लागलो.

"बाबा, मी चार बॉल टाकले. यू हॅव बीन टॉकिंग फॉर हाफ ॲन आवर."

वरच्या खोलीतून बायको खाली आली. ती घरून काम करते. "माझ्या टीमला वाटतंय आपल्याकडे बांधकाम चाललंय," ती म्हणाली. "आणि तू तिला जेवणावरून उठवून आणलंस."

तरीही मी हटलो नाही. नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये मी बाउंड्रीवर उभा राहायचो. तिथून थेट विकेटकीपरच्या हातात थ्रो करणं ही माझी एकमेव ख्याती. ती पद्धत मुलीला शिकवली. तिने मन लावून पाय टाकला, अंग फिरवलं, आणि बॉल सरळ गॅरेजच्या मागच्या फळीवर गेला. तिथे सासूबाईंनी घातलेलं लिंबाचं लोणचं मुरत होतं. सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. बरणी फुटली आणि खार थेट स्पेअर टायरवर सांडला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही ते सीटचंच बघा."

त्यानंतर कोचबाईंनी मुलीला घरचा अभ्यास दिला. हातात टॉवेल घ्यायचा आणि बॉल फेकल्यासारखा झटकायचा. कोपर खांद्याच्या वर, आधी कंबर वळली पाहिजे, मग हात. फटका नीट वाजला तर फेक बरोबर. मुलगी हॉलमध्ये उभी राहून टॉवेल झटकू लागली. सासूबाईंना ते काही बघवेना.

"कोरडा टॉवेल कशाला झटकतेस? ओले पडलेत की इथे ढीगभर."

त्यांचा ड्रायरवर विश्वास नव्हता. बेसमेंटमध्ये दोऱ्या बांधून त्या कपडे वाळत घालायच्या. त्यांनी बादली नातीच्या पुढ्यात ठेवली. मग रोज शाळेतून आल्यावर बेसमेंटमधून फटाक फटाक आवाज यायचे.

"आजी, वॉच माय हिप्स!"

"ते कशाला बघू? मी चादरीच्या सुरकुत्या बघते."

आमच्या घरातले कपडे इतके सरळ याआधी कधी नव्हते. माझ्या बनियनलासुद्धा घडी पडायला लागली.

बर्फ वितळल्यावर आम्ही पार्कात जाऊ लागलो. बॉल झेलण्याचं काम माझ्याकडे आलं. त्याला एकच अट होती, तोंड उघडायचं नाही. एका संध्याकाळी ती मागे सरकली, मागचा पाय रोवला, कंबर वळली, आणि बॉल हातातून सुटला तो अजिबात न वळवळता, गिरकी घेत, माझ्याकडे. मी ते बघतच राहिलो. बघत राहिलो म्हणून हात वर करायचं राहून गेलं.

ओल्या गवतात नाक धरून मी आडवा पडलो. ती धावत आली.

"बाबा! वॉज दॅट अ स्पायरल?"

"हो," मी म्हणालो.

तिने आधी दोन उड्या मारल्या, मग सॉरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मॅनेजरने नाकाचं विचारलं. "माझ्या मुलीने मारलं," मी म्हणालो. खोली इतकी शांत झाली की त्यानंतर सगळ्यांना मला फुटबॉल समजावून सांगावा लागला.

पहिली मॅच एप्रिलमध्ये, भीमजयंतीच्या आठवड्यातच आली. कार्यक्रम शनिवारी होता, त्यामुळे तयारीला जमलेले इथल्या आंबेडकरी मंडळींतले सगळे काका-काकू निळी जॅकेटं घालून मॅचलाच आले. शाळेचा रंगही निळा. बाकीच्या पालकांना वाटलं, या मुलीचे चाहते बघा किती तयारीने आलेत. ती मैदानात उतरली तेव्हा एका काकांनी जोरात "जय भीम!" म्हटलं. शेजारच्या बाकावरच्या गोऱ्या गृहस्थांनी अदबीने विचारलं, "हे त्यांच्या ठरलेल्या चालीचं नाव आहे का?"

"नो नो," काकू म्हणाल्या, "इट इज हॅलो."

पहिलाच बॉल तिच्या हातात आला. ती मागे सरकली आणि मला राहवलं नाही. "कंबर!" मी ओरडलो. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि बॉल आरामात समोरच्या टीमच्या मुलीच्या हातात गेला.

कोचबाई कुंपणापाशी आल्या. "तुम्ही काय ओरडलात?"

"हिप," मी म्हणालो.

"तो शब्द माझा आहे. मला परत हवाय." मग त्यांनी एक उंच काठी माझ्या हातात दिली. पुढे सरकायला टीमला चार प्रयत्न मिळतात, त्यातला कितवा चालू आहे त्याचा आकडा तिच्यावर दिसतो. "हे काम करायला पालक लागतोच. काठी धरणाऱ्याला ओरडायला बंदी असते."

उरलेली मॅच मी काठी धरून, तोंड मिटून उभा होतो. बायको गर्दीतून माझे फोटो काढत होती. मुलीचे दोन बॉल जमिनीवर गेले. एकदा तिचं फडकं तिला कळायच्या आत कोणीतरी ओढून नेलं. मग शेवटी शेवटी तिने मागचा पाय रोवला. आमच्याच टीममधली एक बारीकशी मुलगी पार कोपऱ्यात पळत होती. बॉल तिच्या दोन्ही हातांत जाऊन बसला, आणि ती तशीच रेषेपलीकडे गेली, म्हणजे गुण आमचे. सगळे काका-काकू उभे राहिले, त्यांच्यात बसलेल्या सासूबाईसुद्धा. मी ओठ दाबून धरले, पण काठी थरथरत होती.

"सर," पंच म्हणाला, "आकडा बदला. आणि काठी जरा स्थिर धरा."

आम्ही मॅच हरलो. पण परतताना गाडीत मुलगी गप्प नव्हती. कुणी काय झेललं, कुणी काय सोडलं, सगळं सांगून झालं. मग तिने पुढे वाकून विचारलं, "बाबा, माझ्या पुढच्या पायाबद्दल तू काहीच बोलला नाहीस."

"कोचने बंदी घातलीय."

"गाडीत चालतं. थोडंसं बोल."

मी सुरू केलं. पुढचा पाय जरा जास्त लांब पडतो, त्यामुळे वजन आधीच पुढे जातं, आणि मग बॉल वर उडतो. आरशात बघितलं तर ती आजीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. सासूबाईंनी मला हळूच हाताने खूण केली, तुमचं चालू द्या. मग घर येईपर्यंत मी त्यांनाच समजावत राहिलो.