बदलीचा डाव

मधल्या सुट्टीत आम्ही दोघे मास्तर शाळेच्या प्रयोगशाळेत तीन पत्ती खेळायचो. पैशांवर नाही, खडूच्या तुकड्यांवर. तो विज्ञानाचा, मी मराठीचा. चार वर्षांत हातात काही नसताना मी एकदाही चाल वाढवली नव्हती. सज्जनपणामुळे नव्हे हो, धीरच व्हायचा नाही!

एक दिवस मुख्याध्यापकांनी दोघांना बोलावलं. "तुमच्यापैकी एकाला नांदगावच्या शाळेत जावं लागेल. आपसात ठरवा."

त्याचा गंगापूर रोडच्या पुढे गुलाबाचा मळा होता. पहाटे फुलं तोडायची, सायकलवरून बाजारात पोचवायची आणि मग शाळेत यायचं. घरात म्हातारी आई, मळा बघणारं दुसरं कोणी नाही. आणि माझी अडचण? हौशी मंडळींच्या नाटकात मला पहिल्यांदाच नायकाचं काम मिळालं होतं. बस, एवढीच.

पत्त्यांवर ठरवू, हे मीच सुचवलं. घंटा होईल तेव्हा ज्याच्यापुढे खडू जास्त, तो नाशकात.

शेवटच्या डावात मला आली दुर्री, पंजी आणि अठ्ठी, तिन्ही वेगळ्या रंगांची. निव्वळ कचरा. त्याने चाल केली, मी दुप्पट केली. त्याने तेवढे खडू टाकले, मी पुन्हा दुप्पट. मधे ढीग झाला. आता शो मागायचा, म्हणजे माझे पत्ते उघडायला लावायचे, तर त्याला उरलेले सहाच्या सहा तुकडे टाकावे लागणार होते.

त्याची पाठ खिडकीकडे होती, माझं तोंड. शिपाई घंटेकडे निघालेला मला दिसत होता. मी काय करावं? डबा उघडला आणि निवांत पोळी-चटणी खायला लागलो! तसा अभिनय मला पुढे रंगमंचावर कधीच जमला नाही.

तो एकदा पत्त्यांकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"नटवर्य, आज लय जोरात आहात."

"मग माग की शो."

"नको. पानं नसताना तू वाढवत नाहीस, चार वर्षं बघतोय मी. हे सहा राहू देत, अजून एक डाव होईल."

त्याने पत्ते पालथे टाकले. मी माझे घाईघाईने गड्डीत मिसळले. आणि घंटा झाली.

आमच्या नाटकाचा एकच प्रयोग झाला. त्याचा मळा दोन वर्षांत विकला गेला.

सात-आठ वर्षांनी मी नांदगावला त्याच्या घरी गेलो, सगळं कबूल करायचं ठरवून. त्याच्या आईने दारातच विचारलं, "नाशकात गुलाब काय भावाने जातोय रे आता?" मी चपला काढून आत गेलो.

चहा घेताना त्यानेच विषय काढला. "त्या दिवशी काय होतं रे तुझ्याकडे?"

इतक्या आशेने विचारलं त्याने! आपण पत्ते टाकले ते बरोबरच केलं, एवढंच त्याला ऐकायचं असणार, असं मला वाटलं. निदान तेवढं तरी द्यावं म्हणून मी मांडीवर थाप मारली आणि भरदार आवाजात म्हणालो, "तीन एक्के!"

त्याने कप खाली ठेवला.

"माझ्याकडे दोन होते," तो म्हणाला.

मग माझी बशी माझ्याकडे सरकवून म्हणाला, "पी. गार होईल."