रेडिएटरजवळचे गृहस्थ

सत्तरच्या दशकात लीड्सला शिकताना मी आमच्या भारतीय विद्यार्थी मंडळाचा सेक्रेटरी होतो. सभांना पोरं फिरकेनाशी झाली होती. एक अनोळखी मराठी गृहस्थ मात्र न चुकता यायचे आणि ओव्हरकोटातच भिंतीवरच्या गरम रेडिएटरला चिकटून बसायचे. माझं भाषण रंगात आलं की सावकाश हातमोजे काढायचे. ही आमची सरकारविरोधी भाषणं दिल्लीला कळवणारी स्वारी, असा मला दाट संशय.

एकदा सभेला आम्ही दोघंच उरलो, तेव्हा विचारलंच, "तुम्ही कशासाठी येता हो?"

"माझ्या खोलीत मीटरमध्ये नाणी टाकल्याशिवाय ऊब मिळत नाही," ते म्हणाले. "इथं फुकट. तुमचं चालू द्या."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण ते हेर असते तर निदान कोणीतरी मन लावून ऐकत होतं, असं तरी म्हणता आलं असतं.