लादी पुसल्यावर भरणारी डिस्क

“बाई, उद्यापासून येऊ नका,” साहेब म्हणाले.

हातातलं फडकं ठिबकत होतं, ते मी बादलीवर धरून उभी राहिले. लादी अर्धी पुसून झाली होती. उरलेली पुसू की नको, एवढंच विचारलं. ते आपल्या टेबलाकडे वळले, म्हणून पुसली.

अंधेरीला कारखान्यांच्या वस्तीत तो गाळा होता. ऐंशीच्या पुढची वर्षं. आत काचेची एक खोली, तिच्यात एसी आणि कॉम्प्युटर. औषधांच्या दुकानांची बिलं त्यावर निघत. झाडू, लादी, पिण्याचं पाणी माझ्याकडे. मी चौथी शिकलेली. गिरणी बंद पडल्यापासून नवरा घाटकोपरच्या खोलीत बसून होता आणि घर माझ्या पगारावर चालत होतं. दुसरं काम मिळालं नसतं असं नाही. पण गुडघे तेव्हाच गेले होते, आणि नव्या ठिकाणी सुरुवातीला सगळेच राबवून घेतात. मला ते पुन्हा नको होतं.

झालं असं, की कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम चढवून इंजिनिअर निघून गेला. तेव्हापासून रोज दुपारी पडद्यावर एकच ओळ यायला लागली. जागा नाही, डिस्क भरली. भरली म्हणजे कशाने, मी विचारलं होतं, पाण्याने की काय. सगळे हसले, पण साहेबांच्या डोक्यात ते बसलं. सकाळी यंत्र बरं असतं, जेवणाच्या सुट्टीत बाई लादी पुसते, आणि त्यानंतर बिघडतं. आधी त्यांनी धूळ उडते म्हणून झाडू बंद केला. मग फडकं घट्ट पिळून पुसा म्हणाले. मग साबण बंद. मी गुडघ्यांवर बसून कोपरे पुसत होते आणि ती ओळ रोज येतच होती.

यंत्र चालवायला एक मुलगी होती. राहायला चेंबूरला, शिकलेली विलेपार्ल्याच्या कॉलेजात. मला मावशी म्हणायची. ती रोज जुन्या फायली काढून जागा करायची, आणि दुसऱ्या दुपारी जागा पुन्हा गायब. तिच्याकडे दोन कमांड होत्या, म्हणजे यंत्राला द्यायचे हुकूम. एक सांगायची, डिस्क गच्च भरली. दुसरी ऑफिसातल्या लोकांच्या फायलींच्या कप्प्यांचं एकेक वजन सांगायची, आणि ते सगळं मिळून अर्धी डिस्कही होत नव्हती. दोघींतली एक खोटं बोलतेय, असं ती म्हणायची आणि कपाळ चोळत बसायची.

साहेबांनी मला नको म्हटलं तेव्हा ती खुर्चीतून उठली. “सर, उद्या मावशींना बोलवा, पण लादी पुसू देऊ नका,” ती म्हणाली. “तरीही ओळ आली, तर त्यांचा संबंध नाही.” साहेब कुरकुरले, पण हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दाराशी स्टुलावर बसले. बसायला मिळालं, बरं वाटलं. सगळ्या फायलींची नक्कल कॉम्प्युटरला जोडलेल्या टेपवर जेवणाच्या सुट्टीतच व्हायची, आपोआप. एरवी लादी ओली म्हणून त्या वेळी सगळे बाहेर जायचे. त्या दिवशी लादी कोरडी होती, म्हणून मुलगी डबा न उघडता यंत्रासमोर बसून राहिली. ओळ आली. बादली मोरीतच होती.

ती माझ्याकडे वळली. “मावशी, टेप फिरलीच नाही.”

मग ती खटाखट टाइप करत राहिली. यंत्रात एक कप्पा असतो, त्यात नुसती नावं असतात, टेपचं, छापायच्या मशीनचं. नावाला काय वजन असणार, म्हणून तो कप्पा तिने कधी तोललाच नव्हता. आता तोलला. त्यातलं एक नाव अर्ध्या डिस्कएवढं भारी निघालं.

तिने मला समजावलं. नव्या सिस्टीमने टेपचं नाव बदललं होतं. नक्कल करायचा हुकूम मात्र जुन्याच नावाने जात होता. या नावाचं इथे कोणी नाही, असं यंत्राने सांगायला हवं होतं. त्याने त्या नावाची फाइल स्वतःच्याच डिस्कवर बनवली आणि जागा संपेपर्यंत तिच्यात कोंबत राहिलं.

लग्नात माझंही नाव बदललं. ताटातल्या तांदळांत नवं नाव लिहिलं आणि जुनं संपलं. पुढे गावाहून मामा कुळथाचं पीठ घेऊन आला आणि चाळीत माझं जुनं नाव विचारत फिरला. सासूने त्याला दारातूनच सांगितलं, या नावाचं इथे कोणी राहत नाही. तो पीठ घेऊन सांताक्रूझला मेव्हण्याकडे गेला. हे मी मुलीला सांगितलं.

“माझी सासू बरी म्हणायची गं,” मी म्हणाले. “तिने त्या नावाची बाई बनवून पीठ तरी ठेवून घेतलं नाही.”

ती हसली, आणि हसता हसता तिची नजर टेपवर गेली. नवी सिस्टीम आल्यापासून टेपवर काहीच गेलं नव्हतं. मधल्या काळात डिस्क खरंच बिघडली असती, तर सगळी बिलं गेली असती आणि नोकरी तिची गेली असती. तिने ती फाइल काढली, हुकुमात नवं नाव घातलं आणि तो पुन्हा चालवला. टेप घरघरायला लागली. मग उठून तिने साहेबांना सगळं सांगितलं, टेपचंही.

साहेब आले, टेप फिरताना बघितली. तिला रागावले नाहीत. मला म्हणाले, “लादी संध्याकाळी पुसत जा.” म्हणजे मी उद्याही यायचं होतं. चुकलं वगैरे त्यांनी म्हटलं नाही, मीही वाट बघितली नाही. माझी लादी ओली नसती तर कोणीतरी खोलीत थांबलं असतं, आणि टेप फिरत नाही हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी कशाला सांगू.

कमरेत वाकवेनासं होईपर्यंत मी तिथेच लादी पुसली. साहेब वारले. मुलगी लग्न होऊन गेली. तिचंही नाव बदललं असेल, तेव्हा विचारायचं तरी कुठल्या नावाने. मी अजून आहे.