विषयांचा रकाना

"धानाचा रोवणा तं येतेच तिले. मंग क्रॉप सायन्स सोपंच जाईन."

अकरावीच्या प्रवेशाच्या टेबलावरचे सर असं बोलले आणि टेबलाभोवती उभी असलेली माणसं हसली. सरांनी लाल पेन उचलला. माझ्या मुलीच्या अर्जावर 'गणित' लिहिलं होतं, त्यावर रेघ मारली. वर लिहिलं, पीक विज्ञान.

माझी मुलगी सलोनी माझ्या शेजारीच उभी होती. दहावीत गणितात तिला शहाऐंशी मार्क. गुणपत्रिका अर्जाला टाचलेली होती. सरांनी ती पाहिली नाही. त्यांनी एकच कागद नीट पाहिला, जातीचा दाखला. मग विचारलं, "कोणत्या मोहल्ल्यातली?"

"विहाराजवळची."

"तेच म्हटलं. देखो बाई, तुमच्याकडच्या पोरी शेवटी नर्सिंगलेच जातेत. तिथं गणित कायले लागते? गणितात नापास झाली तं कॉलेजचा निकाल पडते. अन् सवलत तं हायेच तुमाले."

पुन्हा हसू. या वेळी थोडं कमी.

आमच्यामागे राइस मिलवाले शेठजी मुलाला घेऊन उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून अर्ज पुढे केला. "सर, लडके का मैथ्स-बायो दोनों रख देना." सरांनी रेघ न मारता शिक्का मारला. मुलाची गुणपत्रिका माझ्या नाकासमोरून गेली. गणित, एकसष्ट.

अर्ज घेतला, व्हरांड्यात आले.

मी अंगणवाडी सेविका आहे. वीस वर्षं झाली. वजनांची यादी, लसीची यादी, गरोदर बायांची यादी. माझी कुठलीही यादी अर्धवट नसते. मुलीच्या अॅडमिशनचीही होती. निकाल लागल्याबरोबर मी गोंदियाच्या दोन कॉलेजांत जाऊन विचारून आले होते आणि वहीत लिहिलं होतं. नर्सिंग: भौतिक, रसायन, जीव. फार्मसी: जीव किंवा गणित, दोन्हींपैकी एक चालते. इंजिनिअरिंग: गणित पाहिजेच. भौतिकशास्त्राची बीएस्सी: गणित पाहिजेच. शेवटच्या ओळीखाली सलोनीनं दोन रेघा ओढल्या होत्या. नववीत असताना तिनं माझ्या अंगणवाडीच्या वजनकाट्यातली चूक पकडली होती. पिशवीबंद मीठ टांगून टांगून तिनं दाखवलं की काटा प्रत्येक पोराला पाव किलो जास्त दाखवतो. मी चार महिने चुकीची वजनं लिहीत होते. तेव्हापासून तिला भौतिकशास्त्रच पाहिजे.

व्हरांड्यात ती म्हणाली, "आई, आपल्या घरी एक बांधी तरी हाय का धानाची? पीक कोणाचं शिकू मी?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. मला माझे बाबा दिसत होते.

बाबा जंगलकामाला जायचे, पावसाळ्यात लोकांच्या बांधीत रोवण्याला. शाळा चौथीपर्यंत. पण सही यायची. मोहल्ल्यात सही करणारी माणसं थोडी, त्यात माझे बाबा. सहीचा त्यांना फार अभिमान. मी दहावी झाले तेव्हा कॉलेजचा शिपाई अर्ज घेऊन थेट बांधीवर आला. म्हणाला, "खाली सही मारून द्या, बाकी सर भरून घेतेत. तुमची रोजी कायले बुडवता?" केवढी माया. बाबांनी चिखलाचे हात धोतराला पुसले आणि कोऱ्या अर्जावर सही केली. वळणदार.

मला विज्ञान शाखा मिळाली. मोहल्ल्यातली पहिली मुलगी. गणिताचा तास लागला की आजूबाजूच्या गावांतल्या आमच्यासारख्या सगळ्या पोरी वर्गाबाहेर बसायच्या, कारण आमच्या रकान्यात गणित नव्हतं. का नव्हतं, हे कोणी विचारलं नाही. गणित तालुक्याच्या गावातल्या पोरांचं असते, असंच वाटायचं.

बारावीनंतर गोंदियाला गेले. बीएस्सीला भौतिकशास्त्र मागितलं. खिडकीतल्या बाबूनं गुणपत्रिका पाहिली आणि परत सरकवली. "बारावीत गणित नाही. हा ग्रुप मिळत नाही."

मी विचारलं, "आता घेऊ शकते का?"

तो चांगला माणूस होता. हसला नाही. म्हणाला, "ते दोन वर्षं आधी घ्यायचं असते, बेटा."

जीवशास्त्राच्या गटातल्या जागा भरल्या होत्या. बीए केलं. लग्न झालं. बाबांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही की त्यांच्या सहीनं काय झालं. 'माझी पोरगी सायन्स शिकली', हे सांगतच ते वारले.

व्हरांड्यात हे सगळं एकदम वर आलं. रडू नाही आलं. राग आला. आणि राग आला की मी कागद काढते.

कोणताही अर्ज मी दोन प्रतींत भरते. कार्यालयात कागद हरवतात हे मला ठाऊक आहे. पिशवीत दुसरा भरलेला अर्ज होता. गणित आणि जीव, दोन्ही लिहिलेला. मी परत टेबलाजवळ गेले. रांगेत नाही, सरळ समोर.

"सर, हा अर्ज घ्या. रेघ मारायची असन तं बाजूला कारण लिहा. आणि सही करा."

"कारण का लिहाचं त्यात?"

"जे बोलले तेच. रोवणा येते म्हणून गणित देता येत नाही."

शेठजी मोबाइलमध्ये पाहू लागले.

"मॅडम, तुमी मनाले लावून घेतलं. मी भल्याचं सांगून राहिलो."

बाईची मॅडम झाले, हे माझ्या लक्षात आलं.

"भल्याचं असन तं लिहाले काऊन घाबरता?"

"गणिताची बॅच भरली हाय."

"मग तेही लिहून द्या. एकूण जागा किती, भरल्या किती. आताच शेठजींच्या मुलाला मिळाली, ती कितवी?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग सलोनीकडे. मग पहिल्यांदा गुणपत्रिकेकडे. शिक्का उचलला आणि मारला. इतक्या जोरात की टेबलावरचा अर्जांचा गठ्ठा सरकला आणि वरचे चार अर्ज खाली पडले.

मी वाकून उचलले. सवयीनं उचलले.

चारही अर्ज आमच्या मोहल्ल्यातल्या पोरींचे. चारही अर्जांत विषयांच्या रकान्यात एकाच अक्षरात, एकाच पेनानं, पीक विज्ञान. खाली आयांच्या सह्या. आणि प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची छोटी टिक.

ती टिक माझी.

शिपाई आता बांधीवर जात नाही. तो अर्ज अंगणवाडीत ठेवून जातो. आया पोषण आहार न्यायला येतातच, तिथं सह्या होतात. रोवण्याच्या दिवसांत कोणाची रोजी बुडत नाही. किती वर्षं मी हे करत आले. नावांची यादी करायची, सही झाली की टिक मारायची, गठ्ठा बांधून द्यायचा. एकही अर्ज कधी राहिला नाही. त्याचाही मला अभिमान होता. विषयांचा रकाना कोरा असायचा. तो कॉलेजात भरतात, असाच नियम असेल समजून चालले. माझ्या मुलीचा अर्ज मात्र मी घरी बसून, शाईनं, दोन प्रतींत भरला.

सरांना बोलायला माझ्याजवळ पुष्कळ होतं. मी चार नावं वहीत लिहून घेतली आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टीचा अर्ज टाकला आणि बांधीवर गेले. चारही घरच्या बाया एकाच टोळीत रोवणा करत होत्या. बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभं राहून मी सगळं सांगितलं. कोणत्या विषयानं कोणतं दार उघडते, कोणतं बंद होते. माझं काय झालं होतं, तेही.

वनिता माझ्याच वयाची. ती कंबर सरळ न करता बोलली. "बाई, सही तं तूच घेतली नं माही? बोट ठेवून सांगतलं, इथं कर म्हणून. तवा काऊन नाई बोलली?"

"चुकलं माझं."

"आपल्या पोरीच्या वेळेस नाई चुकलं तुह्यं."

मी धुऱ्यावरच उभी राहिले.

वनितानं हातातली परह्यांची, धानाच्या रोपांची, पेंडी खाली ठेवली. "चाल. पण माह्या पोरीले पहिले इचार. तिले नको असन गणित, तं जबरदस्ती नाई करू."

आम्ही पोरींना विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा कोणी त्यांना विचारलं. वनिताच्या पोरीला गणित पाहिजे होतं, आणखी एकीला पाहिजे होतं. तिसरी म्हणाली, मला खरंच नको, मला नर्सच व्हायचं आहे, फक्त पीक विज्ञानाऐवजी भूगोल द्या. हे तिनं स्वतः ठरवलं, म्हणून मला ते मान्य.

चौथी रीना. तिला पाहिजे होतं. तिचा बाप दारात उभा राहिला. "शिष्यवृत्तीच्या कागदावर त्याच सरांची सही लागते, बाई. तुमचं काय, तुमाले सरकारी मानधन हाय. आमी कोणाच्या भरोशावर भांडू?" रीना त्याच्या मागे उभी होती. दोनदा गेले, दोनदा परत आले.

तिघींचे अर्ज बदलले. सरांनी त्याच दिवशी बदलले, कारण तीन आया टेबलासमोर उभ्या होत्या आणि तिघी एकच वाक्य बोलत होत्या, "नाई तं लिहून द्या." त्यांच्या पायांचा चिखल फरशीवर उमटला होता. शिपायानं नाक मुरडलं. वनिता त्याला म्हणाली, "पूस नं भाऊ मंग. घरपोच अर्ज आणतोस, चिखलही घरपोच ने."

लोक मला म्हणतात, सलोनीसकट चार पोरींचं काम झालं, मोठं काम केलं. मी ऐकून घेत नाही. रीनाचं गणित सरांच्या पेनानं गेलं, पण त्या पेनाखाली कागद मी सरकवला होता. ती दोन वर्षांनी कोणत्यातरी खिडकीसमोर उभी राहील आणि आतला माणूस गुणपत्रिका परत सरकवेल. त्यात माझा हात आहे. हे मी हलकं करून घेणार नाही. माझ्याआधी किती रीना माझ्या टिकेखालून गेल्या, त्यांची यादी माझ्याकडे आहे. जुन्या वह्या मी फेकत नाही. एकेकीच्या घरी जाऊन सांगणार आहे, तुमचं डोकं कमी नव्हतं, तुमचा रकाना दुसऱ्यानं भरला होता. त्यांनी मला शिव्या घातल्या तर ऐकणार आहे.

शिपायाला सांगून झालं आहे. कोरा अर्ज अंगणवाडीत ठेवायचा नाही. ठेवला तर मी तो प्राचार्यांच्या टेबलावर पोचवून पोच घेईन. पुढच्या वर्षी निकाल लागला की आधी पोरगी विषय लिहील, स्वतःच्या हातानं. मग आई वाचेल, नाहीतर वाचून घेईल. सही त्यानंतर. रोजी बुडेल. एक दिवसाची बुडेल. आमच्या आईबापांच्या रोज्या वाचवून यांनी आमच्या पिढ्या बुडवल्या. तो हिशेब मला कळायला पंचेचाळीस वर्षं लागली.

सर, तुम्ही तिथेच असाल. मीही असेन. पेन उचलाल तेव्हा कारणही तयार ठेवा.